फिलू टीचरांचा हनिमून

फिलू टीचरांसमोर कुणाला कुजबुजता येत नसे. वर्गात मागच्या बाकावर दोन मुली डोकं जवळ आणून काही बोलू लागल्या, की टीचर फळ्याकडे तोंड असतानाच म्हणत, "मोठ्यान बोल. चोरी केलंस काय?" मग त्या मुलीला उभं राहून ते वाक्य सगळ्या वर्गाला ऐकवावं लागे. आम्ही लाजून मरत असू. पण टीचर त्या वाक्यावर कधी रागावत नसत. नवीन बांगड्यांबद्दल असो, नाहीतर त्यांच्याच उसवलेल्या बाहीबद्दल असो, त्या ऐकून घेत, "बरा," म्हणत आणि पुढे शिकवत. त्यांना राग फक्त हळू बोलण्याचा होता.

त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. नकाशाची गुंडाळी त्यांनी वर्गात कधी आणली नाही. हातात खडू घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बोला, आज खंय जाऊया?" आम्ही तोंडाला येईल ते नाव सांगायचो आणि त्या तो देश एका रेघेत काढून दाखवायच्या, मध्ये खडू न उचलता. शाळेत त्या प्रमाण मराठी बोलत, पण एखाद्या विषयात रमल्या की मालवणी आपोआप बाहेर पडे. शिकवताना त्यांचे डोळे आमच्या डोक्यांवरून खिडकीबाहेर, मालवणच्या राजकोट किल्ल्याकडच्या समुद्रावर असत. मला तेव्हा वाटायचं, ह्या बाई ते सगळे देश फिरून आलेल्या असणार.

खरं तर गोवा आणि मुंबई सोडून त्या कुठेच गेल्या नव्हत्या. हो, तामिळनाडूत वेलंकणीच्या मदर मेरीच्या दर्शनाला तेवढ्या गेल्या होत्या. भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांचा एकुलता मुलगा नेल्सन टीचरांच्या पदरात आला. त्याला वाढवता वाढवता लग्नाचं वय निघून गेलं असं लोक म्हणत. टीचर म्हणत, "वय खंय जाणा नाय. माणसा जातत." पुढे नेल्सनचं लग्न झालं, त्याला जुळे मुलगे झाले आणि टीचर निवृत्त होऊन मालवणजवळच्या कोळंबच्या घरात त्या जुळ्यांना सांभाळू लागल्या. गोष्ट इथे संपायला हवी होती. गावाच्या हिशेबात ती संपलीही होती.

मी तेव्हा मालवणच्या बाजारात, मासळी बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, एक लहानसं दुकान चालवत होते. तिकिटं काढून देणं, ऑनलाइन फॉर्म भरणं, झेरॉक्स, बॅनरची डिझाइनं असं सगळं. लग्न मोडून माहेरी येऊन मला तीन वर्षं झाली होती. दुकानात दिवसभर मान खाली घालून संगणकात बघायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, असं मी लावून घेतलं होतं. ओळखीचं कोणी आलं की मी आवाज आणखी खाली घ्यायचे.

एका सकाळी दुकानात पाच-सहा माणसं रांगेत असताना टीचर आत आल्या. मागे पास्कू अंकल, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, हातात छत्री आणि चेहऱ्यावर घाम. टीचर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वैशू, आमचा पुढच्या महिन्यात लगीन आसा. माका हनिमूनाक जावचा आसा. खंयखंय जाता येता, बघ."

टीचर तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. अंकल सहासष्ट. रांगेतला एक जण खोकला. झेरॉक्स यंत्र तेवढं चालू होतं.

मी खुर्ची पुढे केली आणि नेहमीच्या सवयीने हळूच म्हणाले, "टीचर, ज्येष्ठ नागरिकांच्या सहली असतात बघा. सोबत डॉक्टर असतो, जेवण आपलं…"

"माका सहल नको. हनिमून होयो. तसाच लिही."

मी वहीत लिहिलं. त्यांनी वाकून अक्षर बरोबर आहे का ते पाहिलं.

हे लग्न ठरलं कसं, ते मला अंकलनी नंतर सांगितलं. टीचर नोकरीवर असताना वर्षानुवर्षं त्यांच्याच गाडीने शाळेत यायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. रस्त्यातले खड्डे आणि पोरांचे मार्क यापलीकडे दोघं कधी बोलले नाहीत. अंकलची बायको वारली, मुलगी लग्न होऊन वसईला गेली. निवृत्तीनंतर चर्चच्या वार्षिक फेस्ताला दोघं शेजारी बसून डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खात होते. अंकल सहज म्हणाले, "टीचर, तुमी इतकी वर्सां पोरांक जग दाखयलात. तुमी सवता कितक्या बघितलात?"

टीचरांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "कायच नाय." आणि त्यानंतर, "तुमी येतलात?"

"मी हो म्हटलंय," अंकल मला सांगत होते. "माका वाटला, कुडाळच्या बाजाराक येतास काय म्हणान इचारतत. त्येंच्या मनात लगीन आसा, ता मगे कळला." लग्न झाल्यावरही ते त्यांना टीचरच म्हणत राहिले. टीचरही त्यांना "पास्कू ड्रायव्हर" म्हणत, पण त्या ड्रायव्हरमध्ये एवढी माया असे, की ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघावं.

लोक हसले. अगदी मनापासून हसले. टीचर मासळी घ्यायला गेल्या तेव्हा त्यांची रोजची मासेवाली सुरमईचा तुकडा करता करता म्हणाली, "टीचर, ह्या वयात?" टीचरांनी पिशवी खाली ठेवली. "मगे खंयच्या वयात ता सांग. तेव्हा माका कोणी इचारला नाय. आता मीच इचारलंय, तर आता." रिक्षा स्टँडवर कोणी "नवरी इली रे" असं तोंडातल्या तोंडात म्हटलं, की टीचर रिक्षेजवळ जाऊन उभ्या राहत. "आयकाक नाय इला. मोठ्यान बोल." त्यातले अर्धे त्यांचे विद्यार्थी. ते उतरून उभे राहत.

नेल्सनने आधी गोड बोलून पाहिलं. "आंटी, लग्न केलंत, ठीक आहे. आता दोघं वेलंकणीला जाऊन या."

"वेलंकणीक मी चार वेळा गेलंय. मदर माका बरी वळाखता. आता जी वळाखणा नाय, त्या लोकांक भेटूक होया."

पोलीस पासपोर्टच्या चौकशीसाठी घरी आला. तोही टीचरांचाच विद्यार्थी निघाला. त्याने विचारलं, "परदेशी कशासाठी?" टीचर म्हणाल्या, "हनिमून." तो बिचारा पेन धरून बसला. "टीचर, पर्यटन म्हणून धरूक?" टीचरांनी त्याला खोबऱ्याची वडी दिली आणि म्हणाल्या, "कागदार पर्यटन असू दे. पण गावात कोणी इचारल्यान तर खरा सांग."

मग बेत सुरू झाला. आठवड्यातून दोनदा त्या दुकानात यायच्या, चौकडीच्या वहीत स्वतः काढलेला नकाशा घेऊन. मी बालीचे फोटो दाखवले, समुद्रात उभ्या केलेल्या झोपड्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "ह्या फोटोत माणसा खंय आसत?" युरोपाचं नाव काढलं तर मान हलवली. "थंय बर्फ आसा. माका आपल्यासारको समुद्र होयो. माड होये, भात होया, सुकी मासळी होयी. आपल्यासारख्याच समुद्रार दुसरी माणसा कशी जगतत, ता बघूचा आसा." 

अडचण अंकलची होती. त्यांनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालूनच. "माका विमानाची भीती नाय," ते मला एकटीला गाठून म्हणाले. "पण चलवणारो दिसना नाय, ह्येची भीती." टीचरांनी ते ओळखलं होतं. नवऱ्याला समजावत बसण्याऐवजी त्यांनी नकाशा बदलला. मुंबईहून बँकॉकपर्यंत एक विमान, सिंगापूरहून परत एक विमान. मधला सगळा प्रवास जमिनीवरून. बँकॉकहून आगगाडीने खाली, हुआ हिनच्या किनाऱ्यावर मुक्काम, तिथून क्राबी, मग सरहद्द ओलांडून पेनांग, क्वालालंपूर, आणि शेवटी बसने सिंगापूर. सतरा दिवस. थायलंड-मलेशियाची ती चिंचोळी पट्टी त्यांनी माझ्या टेबलावर एका रेघेत काढली. अंकल बोटाने ती रेघ वरपासून खालपर्यंत चाचपत गेले आणि म्हणाले, "हां. ह्या जमता. हो रस्तो आसा."

मी तिकिटं काढली, खोल्या ठरवल्या. खरं सांगायचं, तर तोवर मलाही हे सगळं जरा अतीच वाटत होतं. मी कामापुरतं बोलत होते.

निघायला तीन आठवडे असताना नेल्सन दुकानात आला. घाईत होता. म्हणाला, "आंटीने सगळं रद्द करायला सांगितलंय. अंकलना बरं नाही." मी एक शब्द विचारला नाही. मला कुठेतरी सुटल्यासारखंच वाटलं. क्राबीची खोली रद्द केली, पेनांगची केली. विमानाचं तिकीट रद्द करायला गेले, तर त्यासाठी लागणारा ओटीपी टीचरांच्या मोबाइलवर गेला. दोन मिनिटांत फोन.

"वैशू, माज्या मोबाइलार कसलो नंबर इलो?"

मी सांगितलं. टीचर म्हणाल्या, "खंय जाव नको. थंयच बस."

रिक्षेने त्या पंधरा मिनिटांत आल्या. नारळ खोवत होत्या तशाच उठल्या असणार, हाताला खोबऱ्याचा कीस चिकटला होता. नेल्सन अजून तिथेच होता. तो काही बोलायच्या आत टीचर म्हणाल्या, "पास्कूक काय जाला?"

नेल्सन खाली बघत होता. मग एकदम भडकला. "लोक हसतात, आंटी! मला ऑफिसात विचारतात, तुझी आंटी हनिमूनवरून आली काय. आणि सतरा दिवस मुलांना कोण बघणार? तुम्ही कधी विचार केलात?"

टीचर त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्यापर्यंतच येत होत्या त्या. "नेल्सन, तुका मी लहानाचो मोठो केलंय. आता तू माका मोठ्याची लहान करू नको. पोरगे तुजे आसत. सतरा दिवस तू बघ, तुजी बायल बघीत. आणि लोकांक हसू दे. मी हंय नसतलंय आयकाक."

तो बाहेर गेला. मला वाटलं, सुटले. पण टीचर माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. खुर्चीत बसल्या.

"माजी तिकिटा तू नेल्सनाचा आयकान रद्द करी होतंस. माका इचारूचा तुका सुचला नाय."

"चुकलं, टीचर."

"तुज्या लग्नाचो निकाल लागलो, तेव्हा तू खंय होतंस?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण त्या थांबून राहिल्या, वर्गात थांबायच्या तशा. आमच्या पडवीत त्या दिवशी दोन्हीकडची नऊ माणसं बसली होती. काय बोलली, काय ठरलं, ते मला नंतर आईने सांगितलं. "आत," मी म्हणाले. "चहा करत होते."

"बरा," टीचर म्हणाल्या. त्यांनी रुमालाने हात पुसले आणि वही उघडली. "आता क्राबी गेला ना? दुसरा काय ता बघ."

क्राबीची खोली परत मिळाली नाही. शोधता शोधता थायलंडमधल्याच त्रांगजवळच्या एका बेटावर, एका मासेमाराच्या घरातली खोली सापडली. त्या दिवशी पहिल्यांदा मी खुर्ची फिरवून टीचरांना पडद्यासमोर बसवलं आणि आम्ही दोघींनी मिळून शोधलं. पेनांगची खोली मी मालकिणीला फोन करून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडून परत मिळवली. इतक्या मोठ्याने मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. समोरचा चपलांचा दुकानदार बाहेर येऊन बघू लागला.

ते गेले. मालवणच्या स्टँडवरून मुंबईच्या गाडीत बसले तेव्हा पोचवायला मी आणि अंकलचे दोन जुने कंडक्टर एवढेच होतो. नेल्सन आला नाही. गाडी वळेपर्यंत टीचर स्टँडच्या दरवाज्याकडे बघत होत्या, हे मला दिसलं.

मग रोज मोबाइलवर त्यांच्या आवाजातला निरोप यायचा. विमानात अंकल सबंध प्रवास जागे राहिले आणि उजव्या पायाने ब्रेक दाबत बसले. हुआ हिनला गाडी थांबल्यावर ते फलाटावरून चालत इंजिनापर्यंत गेले, चालकाला बघून सलाम केला आणि परत येऊन म्हणाले, "आता झोप येतली." त्रांगच्या बेटावर त्या घरची म्हातारी सुकत घातलेली मासळी पालथी करत होती, तेव्हा टीचर तिच्या शेजारी बसून करू लागल्या. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. "पण कावळे हाकलूक भाषा लागणा नाय," टीचर म्हणाल्या.

पेनांगहून आलेला निरोप माझ्याकडे अजून आहे. मागे लाटांचा आवाज आहे. "वैशू, ही मलाक्काची सामुद्रधुनी. हिच्यावर मी दरवर्षी पाच मार्कांचा प्रश्न काढीत होते. नकाशात ही केवढी चिंचोळी काढायचे मी! अगो, पलीकडची कड दिसणा नाय. मी पोरांक चुकीचा शिकयलंय." आणि मग त्या हसल्या. एवढ्या वेळ हसल्या, की निरोप मध्येच तुटला.

परत आल्या त्या उन्हाने काळवंडून, तांबडी छापील लुंगी नेसून. त्यांनी आल्या आल्या त्याच लुंगीत बाजार केला. नेल्सन काही दिवस बोलला नाही. जुळ्यांना मात्र आजीने आणलेला लाकडी बेडूक आवडला. त्याच्या पाठीवर काठी फिरवली की तो ओरडायचा, आणि घरात अबोला टिकणं कठीण झालं. टीचर आणि अंकल मात्र त्यानंतर जवळच्या कट्टा गावी, अंकलच्या घरी राहायला गेले.

त्यानंतर माझ्या दुकानात बायका येऊ लागल्या. निवृत्त नर्सबाई आल्या. बँकेतल्या एक विधवा बाई आल्या. ती मासेवालीसुद्धा आली आणि पाटी बाहेर ठेवून विचारू लागली, "पासपोर्टाक काय काय लागता गो?" टीचर कधी त्यांना शिकवत, कधी नुसत्या बसून ऐकत. एकदा त्या मला म्हणाल्या, "आणि तुजो पासपोर्ट?" मी काढला नव्हता. "दुसऱ्यांची तिकिटा काढून म्हातारी होतलंस," त्या चिडून म्हणाल्या. मी त्याच दिवशी फॉर्म भरला. चौकशीला पोलीस आला तेव्हा त्याने आईला विचारलं, मुलगी कुठे जाणार, कशाला. आई म्हणाली, "ती हंयच बसली आसा. तिका इचारा." आईच्या तोंडून असं काही मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दोन वर्षांनी टीचरांना पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत त्या गेल्या. शेवटपर्यंत अंकल उशाशी होते. दवाखान्यात जाता-येता कोणी गाडी चालवली तरी ते पुढे बसले नाहीत. मागे, टीचरांचा हात धरून बसत.

गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नेल्सन दुकानात आला. डोळे सुजले होते. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला कोळंबच्या पुलाजवळ लावायला श्रद्धांजलीचा बॅनर हवा होता. त्याने आणलेला फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा होता, आणि कागदावर लिहिलं होतं, 'मिस फिलोमिना, निवृत्त शिक्षिका'. खाली नेल्सनच्या कुटुंबाची नावं. पास्कू अंकलचं नाव कुठेच नव्हतं.

"हे मी छापणार नाही," मी म्हणाले.

"हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"टीचर मिस नव्हत्या. त्यांचं लग्न झालं होतं. त्यांचा नवरा कट्ट्याच्या घरी एकटा बसला आहे."

"वैशाली, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

तो कागद घेऊन निघून गेला. मी संध्याकाळपर्यंत बसून बॅनर केला. फोटो मी निवडला तो सिंगापूरच्या पुलावरचा. टीचर आणि अंकल दोघं, वाऱ्याने केस उडालेले, अंकलच्या डोक्यावर टीचरांची टोपी. खाली लिहिलं, 'मिसेस फिलोमिना, पास्कू ड्रायव्हर यांची पत्नी, आम्हा सर्वांच्या टीचर'. सकाळी मी आणि अंकल तो आणि एक शिडी घेऊन रिक्षेने पुलाजवळ गेलो. अंकल शिडीवर चढले, टपावरचं सामान बांधावं तशा आवळून दोऱ्या बांधल्या, खाली उतरले आणि बराच वेळ वर बघत उभे राहिले. समोरून नेल्सन दुचाकीवरून आला. थांबला. सबंध वाचलं. मी तयारीत होते. पण तो गाडी लावून अंकलपाशी गेला आणि शिडीचं दुसरं टोक धरून ती रिक्षेवर चढवू लागला.

असे बॅनर बाराव्या-तेराव्या दिवशी उतरवतात. हा कोणी उतरवला नाही. महिन्याभराने मी तिथून जात होते, तर पर्यटकांची एक गाडी रस्ता विचारायला थांबली होती. आतल्या बाईने वर बोट करून रिक्षावाल्याला विचारलं, "हे कोण?" हा त्या स्टँडवरचाच, पूर्वी तोंडातल्या तोंडात हसणाऱ्यांपैकी.

तो रिक्षेतून उतरला, मान वर केली आणि म्हणाला, "ह्ये आमच्या टीचर. हनिमूनाक गेलेले, तेव्हाचो फोटो."